जकात आणि प्रयोगशाळा

विज्ञानाच्या इतिहासात शोधांच्या तारखा नोंदल्या जातात. त्या शोधांची साधने ज्या पेट्यांतून आली, त्या पेट्या बंदरावर किती दिवस पडून होत्या याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. शोध हा बुद्धीचा विषय आणि जकात हा कारकुनाचा, अशी एक सोयीची वाटणी झालेली असते. परंतु ज्या देशात सूक्ष्म उपकरणे बनत नव्हती आणि विद्या मात्र वाढू पाहत होती, त्या देशात या दोन विषयांना एकमेकांपासून दूर राहता आले नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर त्यातून एक वेगळीच कथा हाती लागते.

जमशेटजी टाटांनी कल्पिलेली ही संस्था त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९०९ साली अस्तित्वात आली. म्हैसूरच्या महाराजांनी तिला ३७१ एकर जमीन दिली, आणि पहिले संचालक म्हणून मॉरिस ट्रॅव्हर्स आले. सर विल्यम रॅम्झे यांच्यासमवेत क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन हे वायू शोधून काढणारा हा रसायनशास्त्रज्ञ. १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले, तेव्हा रसायन आणि विद्युत्‌तंत्र हे विषय शिकविण्याची सिद्धता झाली होती. ही सिद्धता म्हणजे काय? काचेची नाजूक भांडी, तराजू, निर्वात पंप, विद्युत्‌मापके, भिंगे. यांतील बहुतेक वस्तू इंग्लंड-जर्मनीहून जहाजाने येत आणि बंदरावर उतरून रेल्वेने पठारावर चढत. बंगळूरला समुद्र नाही. त्यामुळे म्हैसूर संस्थानातील या विद्यापीठतुल्य संस्थेच्या पेट्यांना पहिला प्रश्न विचारला जाई, तो ब्रिटिश हिंदुस्थानच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून.

त्या अधिकाऱ्याच्या हाती १८७८ चा सागरी सीमाशुल्क कायदा होता. या कायद्याच्या २३ व्या कलमाने एखाद्या मालाला शुल्क माफ करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. १९६२ साली स्वतंत्र भारताने नवा कायदा केला, तेव्हा हाच अधिकार २५ व्या कलमात आला. संशोधनाच्या उपकरणांना मिळालेल्या नंतरच्या बहुतेक सवलती या एका कलमाच्या आश्रयाने वाढल्या आहेत. म्हणजे सवलत हा विद्येचा हक्क नव्हता. ती सरकारची मर्जी होती, अधिसूचनेने येणारी आणि अधिसूचनेनेच जाणारी. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

शुल्काचा हिशेबही पाहण्यासारखा असतो. ते केवळ कारखान्यातील किमतीवर आकारले जात नाही. जहाजाचे किंवा विमानाचे भाडे आणि विमा मिळवून जी रक्कम होते, तिच्यावर आकारले जाते. वस्तू जितकी दूरची आणि जितकी नाजूक, तितके तिचे भाडे व विमा अधिक, आणि तितकेच शुल्कही अधिक. शिवाय सूट मिळावी की न मिळावी याचा निर्णय होईपर्यंत पेटी बंदराच्या गोदामात राहते, आणि तिथल्या मुक्कामाचे भाडे, ज्याला व्यापारी डेमरेज म्हणतात, ते दिवसागणिक चढत जाते. शुल्क माफ झाले आणि डेमरेज भरावे लागले, असा प्रकार मग अशक्य राहत नाही.

१९३३ साली चंद्रशेखर वेंकट रामन हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. रामन यांच्याविषयी नेहमी असे सांगितले जाते की, १९२८ चा आपला जगप्रसिद्ध शोध त्यांनी अवघ्या दोनशे रुपयांच्या साधनांनी लावला. ही आख्यायिका देशाभिमानाला सुखावणारी आहे, पण तिने एक गोष्ट झाकून ठेवली आहे. कलकत्त्याच्या त्या प्रयोगात डोळ्याला लावलेला छोटा वर्णपटदर्शक, पाऱ्याचा दिवा आणि नंतर छायाचित्रे घेण्यासाठी वापरलेला हिल्गर कंपनीचा क्वार्ट्‌झचा वर्णपटलेखक, यांतील निर्णायक काच आणि निर्णायक घासकाम परदेशी होते. साधने स्वस्त होती हे खरे. ती इथली होती असे मात्र नव्हे. रामन यांना स्वतःला याची पुरेपूर जाणीव असावी, कारण बंगळूरला आल्यावर त्यांनी भौतिकीचा नवा विभाग काढला आणि संस्थेतच सूक्ष्म उपकरणे बनविणाऱ्या कार्यशाळेवर भर दिला. या खर्चावरून वादंग माजले. १९३६ मध्ये सर जेम्स आयर्विन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे, भौतिकीसाठी इतर विभागांचा पैसा वळविला जातो, ही तक्रार होतीच. १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले. त्या वादात स्वभावांचा भाग मोठा होता. तथापि, साधने विकत घ्यावयाची की घडवावयाची, आणि कोणाच्या वाट्याच्या पैशातून, हा प्रश्नही त्याच्या मुळाशी होता.

(त्याच १९३३ साली मुंबईची एक पदवीधर विद्यार्थिनी, कमला भागवत, पुढे ज्या कमला सोहोनी म्हणून नावारूपाला आल्या, संस्थेच्या दाराशी उभ्या होत्या, आणि स्त्री म्हणून रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. मग एका वर्षाच्या अटीवर त्यांना आत घेतले गेले. अटीवर आत घेण्याची ही रीत संस्थेला पेट्यांच्या बाबतीत तरी चांगलीच परिचयाची होती.)

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता सवाल शुल्काचा उरला नाही. जहाजच येईनासे झाले. केंब्रिजहून सुटीवर आलेले होमी भाभा १९३९ च्या सप्टेंबरात भारतात अडकले आणि बंगळूरच्या संस्थेत विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग उभारू लागले. त्याच हिवाळ्यात अमेरिकेचे रॉबर्ट मिलिकन आपल्या सहकाऱ्यांसह भारतात आले होते आणि बंगळूरहूनही त्यांनी फुगे आकाशात सोडले होते. त्या फुग्यांखालची मापके रेडिओद्वारा आपल्या नोंदी जमिनीवर पाठवीत. परंतु पाहुणे परत गेले की त्यांची उपकरणेही जातात. भाभांना, आणि युद्धामुळे केंब्रिजहून परतून रामन यांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या विक्रम साराभाईंना, गायगर-म्यूलर गणक इथेच तयार करावे लागले. गणक म्हणजे वायू भरलेली एक नळी आणि तिच्या मधोमध ताणलेली बारीक तार. वर्णन सोपे आहे, पण त्या नळीतील वायूचे प्रमाण, तारेची स्वच्छता आणि काचेचा सांधा यांपैकी एक जरी बिघडले, तरी ती नळी वाटेल ते आकडे सांगू लागते. असे गणक बनविण्यात आणि त्यांवर विश्वास ठेवण्याजोगे करण्यात महिने गेले. १९४२ मध्ये साराभाईंचा विश्वकिरणांवरचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. भाभा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गणक तर विमानातून ३०,००० फुटांपर्यंत गेले. संस्थेच्या जवळच हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या आवारात त्या वेळी अमेरिकन हवाई दलाचा तळ होता, त्याचा हा लाभ.

तो विमानाचा कारखाना मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० मध्ये सुरू केलेला. त्याच कारखान्यात आलेले विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. १९४२ च्या अखेरीस संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला, तेव्हा त्याची उभारणी घाटग्यांकडे आली. बंदिस्त फेऱ्याचा मोठा वातबोगदा याच विभागात उभा राहिला. वातबोगदा पेटीत घालून आणता येत नाही. लाकूड, लोखंड, पंखा आणि गणित एवढे असले की तो जागेवरच उभारावा लागतो. युद्धाच्या त्या पाच-सहा वर्षांनी बंगळूरला एक धडा दिला: काही साधने अशी असतात की ती इथेच चांगली होतात, आणि काही अशी की ती इथे करावयाची म्हटल्यास संशोधकाचे निम्मे आयुष्य त्यातच जाते. यांतील पहिली कोणती आणि दुसरी कोणती, याचा निर्णय मात्र त्या काळी संशोधकच करीत होता.

स्वातंत्र्यानंतर तो निर्णय त्याच्या हातून गेला. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परवाना आवश्यक झाला होता. १९५७ च्या सुमारास, दुसरी पंचवार्षिक योजना चालू असता, परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली आणि डॉलर-पौंडाच्या प्रत्येक मागणीला कारण द्यावे लागू लागले. इकडे बंगळूर हेच सरकारी यंत्रोद्योगाचे माहेरघर होऊ लागले होते. दूरध्वनी यंत्रांचा कारखाना १९४८ मध्ये, हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ मध्ये, जलहळ्ळीचे भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये. आणि उपकरणांच्या निर्मितीला मार्गदर्शन करण्यासाठी दिल्लीत १९५९ मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना, जी पुढे चंदीगडला गेली. देशात वस्तू बनू लागल्या म्हणजे त्याच वस्तू बाहेरून आणण्याला बंदी यावी, हे ओघाने आले. संशोधकाच्या अर्जाला आता चार कागद लागू लागले: आयात परवाना, परकीय चलनाची मंजुरी, शुल्कमाफीचा दाखला, आणि ही वस्तू भारतात बनत नाही असे प्रमाणपत्र.

या चारांतील शेवटचा कागद सर्वांत विचित्र होता. पहिल्या तिन्हींचे उत्तर हो किंवा नाही असे देता येते. चौथ्याला विचारावे लागते: बनत नाही म्हणजे काय? सूक्ष्मदर्शक भारतात बनत होता; पण जो सूक्ष्मदर्शक शाळेतील मुलांना कांद्याची साल दाखवितो, तो पेशीच्या आतील रचना दाखवील काय? दोन्हींचे नाव एकच, म्हणून दोन्ही तुल्य ठरतात काय? हा पेच भारतीय कचेऱ्यांनी निर्माण केला, अशी समजूत करून घेणे अन्यायाचे होईल. १९५० मध्ये फ्लॉरेन्स येथे युनेस्कोच्या अधिवेशनात शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक साहित्याच्या आयातीविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९५२ मध्ये अमलात आला, त्यातही वैज्ञानिक उपकरणांच्या शुल्कमाफीला हीच अट आहे: उपकरण मान्यताप्राप्त संस्थेसाठी असावे, आणि तुल्य वैज्ञानिक मूल्याचे उपकरण आयात करणाऱ्या देशात तयार होत नसावे. पुस्तकांना अशी अट नाही. पुस्तकाला तुल्य पुस्तक नसते, हे जगाने मान्य केले होते. उपकरणाच्या बाबतीत ते मान्य झाले नाही.

अमेरिकेसारख्या संपन्न देशालाही हा पेच चुकला नाही. तेथील काँग्रेसने १९६६ मध्ये या कराराला अनुसरून कायदा केला. तेव्हापासून एखाद्या विद्यापीठाला जपानचा, जर्मनीचा किंवा हॉलंडचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बिनशुल्क आणावयाचा झाला, तर तेथील सरकारकडे अर्ज करून हे दाखवावे लागे की, आपल्या विशिष्ट संशोधनाला अमेरिकन यंत्र पुरेसे नाही. अर्ज राजपत्रात जाहीर होई, आणि देशी कारखानदाराला हरकत घेण्याची मुभा असे. परदेशी यंत्र किती सूक्ष्म अंतर वेगळे दाखविते आणि घरचे किती, यावर अर्जाचा निकाल लागे. म्हणजे तुल्यता ही वस्तूच्या नावावरून नव्हे, तर संशोधनाच्या प्रश्नावरून ठरावी, एवढे तरी तेथे तत्त्वतः मान्य होते. भारतात ज्याला अर्ज तपासावयाचा, त्याच्यासमोर बहुधा वस्तूंची यादी असे, आणि यादीला प्रश्न समजत नाहीत.

ज्या वर्षी अमेरिकेने हा कायदा केला, त्याच १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते, ते ७ रुपये ५० पैसे झाले. दहा हजार डॉलरचे उपकरण, जे काल ४७,६०० रुपयांना पडत होते, ते आज ७५,००० रुपयांचे झाले, आणि शुल्क हे किमतीच्या टक्केवारीने असल्यामुळे तेही त्याच प्रमाणात फुगले. विभागाचे वार्षिक अनुदान मात्र जेवढे होते तेवढेच राहिले.

पैशांपेक्षाही वेळ महाग पडत होता. जीवशास्त्रात खुणेसाठी वापरतात तो किरणोत्सर्गी फॉस्फरस–३२ घ्यावा. त्याचा अर्धायुकाल सुमारे १४ दिवसांचा. असा माल कागदपत्रांसाठी दोन आठवडे थांबला, तर त्याची निम्मी शक्ती गोदामातच संपून जाते. महिनाभर थांबला, तर चतुर्थांशही उरत नाही. यावर कोणताही अर्ज, कोणतेही स्मरणपत्र उपाय करू शकत नाही. या अडचणीतून वाट निघाली ती तुर्भ्याला. तेथील अप्सरा ही अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे देशातच समस्थानिके तयार होऊ लागली. विशेष म्हणजे ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून हा अणुकार्यक्रम वाढला, तिचा आरंभ १ जून १९४५ रोजी बंगळूरच्याच आवारात झाला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईला गेली. घरचे गणक बनविणाऱ्यांनीच पुढे घरची समस्थानिके बनविली, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

परंतु सर्वच क्षेत्रांत असा तुर्भ्यासारखा मार्ग नव्हता. एम. विजयन यांची हकिकत या दृष्टीने बोलकी आहे. ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये इन्शुलिन या प्रथिनाची त्रिमिती रचना उलगडली, त्या कामात ते सहभागी होते. १९७१ मध्ये ते बंगळूरच्या संस्थेत आले. जगात तेव्हा मोजक्याच लोकांना अवगत असलेली विद्या घेऊन आलेला हा संशोधक. पण प्रथिनाच्या स्फटिकातून हजारो क्ष-किरण बिंदूंची नोंद घेणारी यंत्रणा, ते आकडे सोसणारा संगणक आणि या सर्वांना लागणारे परकीय चलन येथे नव्हते. दोष एकट्या जकातीचा नव्हता; दारिद्र्याचा, परवान्याचा आणि अनुदानांच्या आकाराचाही होता. विजयन रिकामे बसले नाहीत. त्यांनी लहान रेणूंकडे मोर्चा वळविला आणि अमिनो आम्ले एकमेकांशी कशी जुळतात, याचा इतका बारकाईने अभ्यास केला की, जीवसृष्टीच्या आरंभापूर्वी रेणूंची जुळणी कशी झाली असेल या प्रश्नावरही त्यातून प्रकाश पडला. तरीही ते काम त्यांनी निवडलेले नव्हते. १९८३ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने प्रथिन-स्फटिकशास्त्रासाठी त्यांना भरीव साहाय्य दिले, तेव्हा त्यांच्या मूळ विषयाचा आरंभ झाला. मधली बारा वर्षे गेली होती. ज्या प्रथिनाने त्यांच्या गटाला कीर्ती मिळवून दिली ते शेंगदाण्यातले होते: त्याच्या चार घटकांची आगळी मांडणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. शेंगदाणा इथल्या कोणत्याही बाजारात मिळत होता. त्याच्या आत पाहणारी साधने मात्र तशी मिळत नव्हती.

याच सुमारास बंगळूरला आणखी एक प्रयोग चालू होता. चुंबकीय अनुस्पंदनाने रेणूंची रचना ओळखणारे एन. एम. आर. यंत्र इतके महाग की, प्रत्येक विद्यापीठाला ते घेता येणे शक्य नव्हते. म्हणून १९७७ मध्ये संस्थेत एक सामाईक केंद्र काढण्यात आले आणि २७० मेगाहर्ट्‌झचे अतिवाहक चुंबकाचे यंत्र तेथे बसविण्यात आले. नाना ठिकाणच्या महाविद्यालयांतले रसायनशास्त्रज्ञ आपले नमुने टपालाने किंवा जातीने तेथे आणू लागले. एक परवाना, एक शुल्कमाफी, आणि अनेकांचे काम. अतिवाहक चुंबकाला द्रव हीलियम लागते, आणि ते न मिळाल्यास चुंबक निरुपयोगी होतो. यंत्र एकदाच येते, हीलियम मात्र सतत आणावे लागते, हे अशा केंद्रांनी लवकरच अनुभवले.

कायद्याने हे हळूहळू ओळखले. मार्च १९८१ च्या अधिसूचनेने संशोधन संस्थांची उपकरणे शुल्कमुक्त करण्याची व्यवस्था केली. १९९१ नंतर परवान्यांचे जाळे सुटत गेले, आणि जुलै १९९६ च्या अधिसूचनेने नोंदणीकृत संशोधन संस्था व विद्यापीठे यांना सवलतीचा दर लागू झाला. वस्तू संशोधनासाठी आवश्यक आहे, हे आता संस्थाप्रमुखाने प्रमाणित करावयाचे होते. युद्धकाळात जो निर्णय संशोधकाच्या हाती होता, तो पन्नास वर्षांनी निदान त्याच्या संस्थेच्या हाती परत आला.

आणि ज्या वस्तूंना वाट पाहणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठी बंगळूरने आपली जुनी रीत पुन्हा वापरली. डी.एन.ए. ठरावीक जागी कापणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, शून्याखाली वीस अंशांवर ठेवावी लागतात. परदेशातून येताना वाटेत बर्फ संपला तर पेटीत जे उरते, त्याला किंमत असते पण उपयोग नसतो. १९८९ मध्ये पी. बाबू या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाने बंगळूर जेनई ही कंपनी काढून अशी विकरे येथेच तयार करण्यास आरंभ केला. त्यानंतर देशातील अनेक प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांनी जी पहिली डी.एन.ए. कापली, ती बंगळूरच्या विकरांनी.

अधिसूचनेने आलेली सवलत अधिसूचनेने जाते, हे मात्र कायमच राहिले. वस्तू व सेवा कर आल्यावर, नोव्हेंबर २०१७ मध्ये संशोधन संस्थांना पुरविल्या जाणाऱ्या उपकरणांवर ५ टक्के इतका सवलतीचा दर ठरविण्यात आला. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत रद्द झाली, आणि अशा बहुतेक उपकरणांना १८ टक्क्यांचा सामान्य दर लागू झाला. एक कोटीच्या उपकरणावर पाच लाखांऐवजी अठरा लाख. ज्या प्रकल्पांचे अंदाजपत्रक पाच टक्के धरून मंजूर झाले होते, त्यांच्या प्रमुखांना त्या पावसाळ्यात यादीतील कोणते यंत्र खोडावयाचे, हे ठरवीत बसावे लागले.